लिटरभाऊ

उन्हाळ्यात आमच्या घरी थंड पाण्याचा जार येतो, वीस लिटरचा. जारवाला पोट्टा तो ओट्यावर आदळून गेला की आम्हाला तहान लागते. लिटरभाऊंना भूमिती सुचते. काही वर्षांपूर्वी त्या जारवर तळहात ठेवून, गावाच्या शिवेचा दगड दाखवावा तसं ते मला म्हणाले होते, "सर, हे झाली हद्द."

"कशाची?"

"लहानपनाची."

मला वाटलं, आता बालपणाबद्दल काहीतरी हळवं ऐकायला मिळणार. मी चष्मा काढून ठेवला. पण लिटरभाऊ म्हणाले, "वीस लिटरच्या आतमधी बसते ते लहान. वीसच्या वर गेलं का मंग ते नुसतं कॅबिनेट. ते कोनीबी घेते."

कॅबिनेट म्हणजे कॉम्प्युटरचा बाहेरचा डबा. आपल्याकडे निम्मे लोक त्या डब्यालाच सीपीयू म्हणतात आणि उरलेले निम्मे 'तो टेबलाखालचा'. हा डबा लिटरमध्ये मोजतात हे मला त्या दिवशी कळलं. लांबी, रुंदी, उंची सेंटिमीटरमध्ये घ्यायची, गुणायची, हजारानं भागायचं. दुकानात मिळतो तो साधा डबा चाळीस-पन्नास लिटरचा भरतो. लिटरभाऊंना दहा लिटरचा हवा होता, आणि आत मशीन मात्र असं हवं होतं की पन्नास लिटरवाल्यानं मान खाली घालावी.

त्यांचं खरं नाव मी सांगत नाही. गल्लीत ते आता कुणाला आठवतही नसावं. गॅसवाला, दूधवाला, त्यांच्याच बायकोच्या भिशीतल्या बाया, सगळे लिटरभाऊच म्हणतात. नोकरीनं ते भूकरमापक, म्हणजे सरकारी मोजणीवाले. दिवसभर दुसऱ्यांची शेतं मोजायची, धुऱ्यावर उभं राहून दोन भावांची भांडणं ऐकायची, दगड रोवायचे. 'हद्द कायम' हा शब्द त्यांच्या तोंडी आमच्या तोंडच्या 'राम राम'सारखा. असा माणूस घरी येऊन हातपाय धुतो, चहा घेतो आणि मिलिमीटरमध्ये शिरतो.

एक गोष्ट पहिल्यापासून कुणालाच उमगली नाही. मुंबईच्या खोलीत राहणाऱ्यानं लहान डब्याचा ध्यास घेतला तर समजू शकतं. तिथं टेबलाखाली माणूस झोपलेला असू शकतो. लिटरभाऊंचं घर अमरावतीच्या साईनगरात. स्वतःचा प्लॉट. पुढं अंगण, मागं अंगण, बाजूला वडिलांच्या काळातली कापूस ठेवायची खोली, जिच्यात आज एक मोडका दिवाण, दोन कुलर आणि एका मांजरीचा संसार आहे. त्या खोलीत कॉम्प्युटर काय, ट्रॅक्टर मावेल. मी हे बोलून दाखवलं. ते म्हणाले, "सर, जागा हाय म्हून भरायची का?" मला उत्तर सुचलं नाही. आमच्या वऱ्हाडात हा प्रश्न यापूर्वी कुणी विचारलेलाच नव्हता.

आणि हे एवढं ताकदीचं मशीन कशासाठी? कचेरीत विचारलं तर ड्रोनच्या मोजणीचे नकाशे घरी पाहता यावेत म्हणून. बायकोनं विचारलं तर पोराच्या अभ्यासासाठी. खरं कारण मला एका रात्री दिसलं. पोरगा झोपला होता, आणि लिटरभाऊ जुन्या रडक्या लॅपटॉपवर 'फार्मिंग सिम्युलेटर' नावाचा खेळ खेळत होते. ट्रॅक्टर चालवायचा, नांगरायचं, पेरायचं, कापायचं, विकायचं. दर्यापूरकडची स्वतःची पाच एकर त्यांनी मक्त्यानं दिलेली आहे, तिकडे वर्षातून दोनदा जातात. इथं मात्र रात्री एक वाजेपर्यंत कापूस. २०१९ साठीच्या आवृत्तीपासून त्या खेळात कापूसही आला.

"इथं बोंडअळी येत नाई, सर," पडद्यावरून नजर न काढता ते म्हणाले. "अन् भाव पडला तं मशीन बंद करता येते."

यावर कुणी काय बोलावं?

सगळं सुरू झालं २०२० च्या टाळेबंदीत. मोजण्या बंद, हात शिवशिवलेले. तेव्हा त्यांच्या लक्षात आलं की मदरबोर्ड, ज्याला आपण नुसतं बोर्ड म्हणतो, तो १७ सेंटिमीटर चौरसाचाही असतो. मिनी आयटीएक्स. तैवानच्या व्हिया कंपनीनं २००१ साली हे माप आणलं. नेहमीचा बोर्ड साडेतीस बाय चोवीसचा. हा त्याच्या निम्म्याहूनही कमी. लिटरभाऊंनी एका वहीच्या कागदावर तो चौरस आखला, कापला आणि खिशात ठेवला. भेटेल त्याला दाखवायचे. लग्नात दाखवला, तेराव्याला दाखवला. "एवढ्यात सगळं बसते," म्हणायचे. तेराव्याला बसलेल्या एका म्हाताऱ्यानं तो कागद उलटा-सुलटा करून पाहिला आणि "शेवटी एवढंच लागते बाप्पा" म्हणत परत दिला.

बोर्ड लहान झाला की बाकीच्यांनाही अंग चोरावं लागतं. आपण ज्याला एसएमपीएस म्हणतो तो विजेचा ठोकळा नेहमी १५ सेंटिमीटर रुंद आणि साडेआठ उंच असतो; त्याचा धाकटा भाऊ एसएफएक्स साडेबारा रुंद आणि साडेसहाच्या आत उंच. पंख्याचं तेच. आणि ग्राफिक कार्ड, जे एरवी बोर्डावर काटकोनात उभं राहतं, ते इथं बोर्डाच्या पाठीला पाठ लावून बसवायचं, मध्ये चपट्या पट्टीसारखी केबल वळवून न्यायची. याला सँडविच म्हणतात. लिटरभाऊ 'नवरा-बायको भांडून झोपल्यावानी' म्हणतात, आणि मला तेच जास्त पटतं.

आता बाजाराची गंमत. अमरावतीच्या एका दुकानात मी त्यांच्यासोबत गेलो होतो. दुकानदारानं सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "म्हणजे तुमाले लहान पायजे अन् त्याचे पैसे जास्त द्याचे हायेत?"

"हव."

"भाऊ, याच्या पाव पैशात तुमाले इतकं मोठं देतो," त्यानं हात छातीपर्यंत नेला, "वरून चार लायटिंगचे फॅन फ्री. काच लावेल हाय. घरात मांडलं तं शोकेसवानी दिसते."

लिटरभाऊंच्या चेहऱ्यावर जी वेदना उमटली ती मी एकदाच पाहिली होती, एका शास्त्रीय गायकाला लोकांनी 'एखादं चालू गाणं होऊन जाऊ द्या' म्हटल्यावर. त्यांनी खिशातला कागदाचा चौरस काढून काउंटरवर ठेवला. दुकानदारानं त्यावर जीएसटीचा १८ टक्क्यांचा हिशेब केला आणि तोही परत दिला.

मग एक्सेलचं पत्रक सुरू झालं. दर ओळीला एक डबा, दर रकान्यात एक माप. सात लिटर दोनशेचा डॅन ए-फोर होता; जर्मनीच्या एका हौशी माणसानं स्वतःसाठी आखला आणि मग जगाला विकला, यामुळे लिटरभाऊंना तो नात्यातला वाटायचा. साडेबारा लिटरच्या आसपासचा एनकेस होता. सव्वाअठरा लिटरचा कूलर मास्टरचा एनआर २०० होता, २०२० मधेच आलेला, परवडणारा, भारतात मिळणारा, ज्यात बहुतेक सगळं बिनबोभाट बसतं. शहाण्या माणसानं तो घेऊन प्रकरण मिटवलं असतं. मी तसं म्हटलंही. ते म्हणाले, "तो तेलाचा पंधरा किलोचा डबा होते, सर. मी मोजला." आणि खरंच मोजलेला होता. त्यांच्या स्वयंपाकघरातल्या एकूणएक वस्तूचं घनफळ त्या पत्रकात एका कोपऱ्यात होतं. कुकर, पिठाचा डबा, लोणच्याची बरणी. वहिनी एकदा मला म्हणाल्या, "सर, माहेरून लोणचं आनलं तं म्हनते, सव्वातीन लिटर. अहो, चांगलं झालं का ते सांगा ना!"

अडचण अशी की डबा ठरला की कार्ड बदलायचं, कार्ड ठरलं की डबा पुरायचा नाही. २०२१ मध्ये कार्डं मिळतच नव्हती. आभासी नाण्यांच्या खाणीवाल्यांनी जगभरातला माल उचलला होता. मिळायला लागली तेव्हा ती बाळंतपणाहून माहेरपण करून आल्यासारखी भरली होती. २०२२ च्या अखेरीस आलेलं आरटीएक्स ४०९० तर तीस सेंटिमीटरहून लांब, सहा सेंटिमीटर जाड आणि ४५० वॉट खाणारं. तिकडे डबे बारीक होतायत, इकडे कार्डं सुटतायत, आणि मध्ये लिटरभाऊ कंबरपट्ट्याची टेप घेऊन उभे, एखाद्या लग्न जुळवणाऱ्यासारखे.

याच काळात, २०२२ च्या जून महिन्यात, अमरावती-अकोला महामार्गावर लोणी ते माना ७५ किलोमीटर डांबराची पट्टी १०५ तास ३३ मिनिटांत सलग अंथरून झाली. गिनीजमध्ये नोंद झाली. आम्ही सगळे कौतुकानं पाहायला गेलो. लिटरभाऊही आले होते. परत येताना गाडीत त्यांच्या साडूनं नुसतं एवढंच विचारलं, "भाऊजी, तुमच्या डब्याले किती वर्स झाले?" त्यानंतर बडनेऱ्यापर्यंत कुणी बोललं नाही.

पण ते स्वस्थ बसलेले नव्हते. ते पुठ्ठ्याचे नमुने करत होते. वरुड-मोर्शीकडून येणाऱ्या संत्र्यांचे खोके आमच्याकडे हंगामात भरपूर. त्यांचा पुठ्ठा जाड आणि वासही बरा. लिटरभाऊंनी त्यातून एकामागून एक डबे कापले. नऊ लिटरचा, साडेदहाचा, बाराचा. आत थर्माकोलचं कार्ड, साबणाच्या वड्यांचे रॅम. वरच्या बाजूला गरम हवा जायला ओळीनं फटी. त्यातला एक नमुना काळ्या कागदात मढवून बैठकीतल्या टेबलावर आठ दिवस ठेवला होता, 'डोळ्याले सवय व्हावी म्हणून'. नवव्या दिवशी उघडला तर आत एकशेसाठ रुपये निघाले. नवरात्रात अंबादेवीचं दर्शन करून घरी आलेल्या बाया-माणसांनी दानपेटी समजून फटीतून नोटा टाकल्या होत्या. त्यांच्या मावशीनं तर हळदी-कुंकूही वाहिलं होतं. पैसे परत कुणाला करायचे हे न कळल्यानं ते खरंच देवळात टाकले गेले. पण लिटरभाऊंच्या पत्रकात त्या दिवशी एक ओळ वाढली: 'वरच्या फटी ५ मिमीपेक्षा कमी ठेवणे.'

या सगळ्या मोजमापात एक माप राहिलं होतं, आणि ते अकोल्यात कळलं.

लिटरभाऊंची सासुरवाडी अकोल्याची, जठारपेठेतली. सासरे जिनिंग-प्रेसिंगच्या कारखान्यात फिटर होते, उभं आयुष्य सरकी काढण्यात आणि रुईच्या गाठी दाबण्यात गेलं. आता निवृत्त, पण हात रिकामे नाहीत: मार्च लागला की आळीतले निम्मे कुलर त्यांच्या ओसरीत उभे असतात. ताट्या बदलायच्या, पंप झटकायचा, पंख्याचा बुश पाहायचा. मे महिन्यात एका लग्नाच्या निमित्तानं मीही अकोल्यात होतो. दुपारी पारा पंचेचाळीसच्या आसपास, रस्त्यावर कुत्रंही नाही. अमरावतीच्या माणसाला वाटतं आपल्याकडे ऊन आहे; ते अकोल्यात येऊन परत गेल्यावर वाटेनासं होतं. जेवणं झाली, कुलर समोर, आणि लिटरभाऊंनी सासऱ्यांपुढे साडेदहा लिटरचा पुठ्ठा ठेवला.

"बोर्ड एकशेसत्तर बाय एकशेसत्तर," त्यांनी सुरुवात केली.

"एकशेसत्तर?" सासरे सावरून बसले. "हे तं गाठीचं वजन झालं."

आणि खरंच की. आपल्याकडे कापसाची गाठ १७० किलोची धरतात. सासऱ्यांच्या मते तिथूनच डब्याला थोडी इज्जत आली. त्यांनी तो हातात घेतला, उलटा केला, आतमध्ये डोकावून पाहिलं, नाकाशी नेला. मग विचारलं, "याच्यात उष्णता किती?"

कार्डाचे दोनशे वॉट, प्रोसेसर आणि इतर मिळून शंभर. तीनशे वॉट, म्हणजे साधारण तिसऱ्या हिश्श्याची इस्त्री, तेलाच्या डब्याहून लहान पेटीत कोंडून तासन्तास चालू ठेवायची. एरवी हा आकडा लिटरभाऊंनी सहज सांगितला असता. पण अकोल्यात, मे महिन्यात, दुपारी तीन वाजता 'इस्त्री' हा शब्द उच्चारताना त्यांचा आवाज खाली आला.

"बरं. हवा घेते कुठून?"

"बाजूनं."

"अन् सोडते कुठी?"

"वरून. हे फटी."

"हे फटी?" सासऱ्यांनी आपलं करंगळीचं नख फटीत घालून पाहिलं. "जवाईबुवा, आपन कुलर कुठी लावतो? खिडकीत. काऊन? बाहीरची कोरडी हवा घ्याले. अन् समोरचं दार काऊन उघडं ठेवतो? आलेली हवा निंगून जाले. दार लावून घेतलं का घरात उबारा होते, आंग चिकट होते, अन् मानूस बिचाऱ्या कुलरले शिव्या देते. तुमच्या डब्याले खिडकी दिसून रायली. दार कुठी हाय?"

मी आजवर कॉम्प्युटरच्या हवेबद्दल जे काही ऐकलं त्यात यापेक्षा स्वच्छ काही नाही. वऱ्हाडातल्या माणसाला हवेचं शास्त्र शिकवावं लागत नाही. कुलर हे एक मोठं कॅबिनेटच आहे आणि आत आपण राहतो. पण लिटरभाऊ चार वर्षं परदेशी चाचण्यांचे आकडे वाचत होते. अमुक डब्यात प्रोसेसर सत्तर अंशांवर राहतो, कार्ड बहात्तरवर. ते आकडे बरोबरच होते. फक्त ते लोक खोलीत एकवीस-बावीस अंश ठेवून मोजतात, आणि आपल्याकडे बावीस अंश म्हणजे हुरडा पार्टी. खोली वीस अंशांनी तापली की आतले आकडेही जवळजवळ तेवढेच चढतात. सत्तरचे नव्वद होतात, आणि नव्वदीच्या आसपास प्रोसेसर आपणहून हात आखडता घेतो. म्हणजे एवढा पैसा ओतून घेतलेलं मशीन मे महिन्यात दुपारी आपल्या तालुक्याच्या कचेरीच्या वेगानं चालणार.

लिटरभाऊंनी हे तिथंच कागदावर मांडलं आणि पुठ्ठ्याकडे पाहत राहिले. सासरे म्हणाले, "कुलरच्या समोर ठेवा ना मंग."

"आबा, ओलावा!"

"तुमी नाई बसून रायले कुलरसमोर? गंजले का?"

वादाचा मुद्दा खरा तर सासऱ्यांच्या बाजूचाच होता. आपली उन्हाळी हवा इतकी कोरडी की ताट्यांतून येताना ती दहा-पंधरा अंशांनी उतरते. अंगावर थेंब उडत नसतील इतक्या अंतरावर ठेवलं तर यंत्राचं काही बिघडत नाही. पावसाळ्यात तोच कुलर नुसता घाम आणतो, पण तेव्हा पाराच खाली असतो. लिटरभाऊंनी पत्रकात नवा रकाना आखला: 'कुलरपासून अंतर.'

शेवटी त्यांनी डबा घेतला. कोणता ते मी सांगत नाही, कारण पुढे जे झालं त्यात डब्याची चूक नव्हती. लाकडी पट्टीवाला साडेदहा लिटरच्या आतला फ्रॅक्टल टेरा २०२३ मध्ये आला तेव्हा वहिनींनी पहिल्यांदाच या विषयात मत दिलं होतं, "हे बरं दिसते," आणि तेवढ्यासाठी लिटरभाऊंनी तो बाद केला होता. चांगलं दिसणं हा त्यांच्या पत्रकात रकानाच नव्हता. घेतला तो बरोबर दहा लिटरचा. बंगळुरूहून आला. ज्या खोक्यातून आला ते खोकं अमरावतीच्या त्या दुकानदाराच्या छातीपर्यंत आलं असतं. मांजरीनं जुना दिवाण सोडून त्या खोक्यात बस्तान हलवलं.

जुळणीचा रविवार मला आठवतो. टेबलावर पांढरी चादर, तिच्यावर एकेक भाग मांडलेला, पूजेच्या ताटासारखा. मदतीला कचेरीतला एक जण होता, शेतात मोजणीच्या वेळी जो पलीकडच्या टोकाला उभा राहतो तो. त्याच्या हातात बॅटरी. बोर्ड बसला. ३७ मिलिमीटर उंचीचा तो चपटा पंखा बसला. एसएमपीएस बसला. रॅम बसला. कार्ड अडीच मिलिमीटर सोडून अलगद आत गेलं आणि लिटरभाऊंनी डोळे मिटले. चार वर्षांचं गणित मिलिमीटरला खरं उतरलं होतं. मग त्यांनी कार्डाला विजेची पिन जोडली, बाजूचा पत्रा उचलला, लावला.

पत्रा लागेना.

दाबून पाहिला. तिरका करून पाहिला. कार्डाची लांबी मोजली होती, जाडी मोजली होती, उंची मोजली होती. त्या कार्डाच्या धारेवरून बाहेर येणारी पिन आणि तिच्या मागून वळणारी जाड वायर मोजली नव्हती. दीड-पावणेदोन सेंटिमीटर. खोलीत कुणी बोलेना. बॅटरीवाला बराच वेळ आत प्रकाश टाकून पाहत होता. मग हळूच म्हणाला,

"सायेब, वावर बराबर मोजलं. रस्ता सोडाचा रायला."

ज्याला शेतीची कज्जेदलाली माहीत नाही त्याला या वाक्याची जखम कळायची नाही. वहिवाटीच्या रस्त्यावरून आमच्याकडे तीन-तीन पिढ्या तहसीलमध्ये चपला झिजवतात. लिटरभाऊंनी स्वतः किती जणांना उन्हात उभं करून सांगितलं असेल, 'भाऊ, वाटा करताना रस्ता पयले धरा.' ते उठले, अंगणात गेले, मागच्या अंगणात गेले, परत आले. तोवर चहा निवला होता.

तोडगा अकोल्यातच निघाला. सासऱ्यांच्या ओळखीचा एक कुलरचे पत्रे करणारा कारागीर आहे. त्यानं मूळ पत्र्याला हात न लावता त्याच मापाची दुसरी चौकट केली आणि तिला कुलरच्या मागच्या जाळीचा तुकडा, अठरा मिलिमीटर बाहेर फुगवून, बसवून दिला. वर काळा रंग. मजुरी विचारली तर म्हणाला, "उलसंच तं काम हाय, द्या काई." आता पिनेलाही जागा झाली आणि सासऱ्यांना हवं होतं ते दारही झालं. उन्हाळ्यात आतला पारा जेवढा उतरला तेवढा कुठल्याच महागड्या पंख्यानं उतरला नसता, पण हे लिटरभाऊ मोठ्यानं कबूल करत नाहीत. सासरे करायला लावतात.

प्रश्न राहिला हिशेबाचा. चौतीस सेंटिमीटर लांब, बावीस उंच, एक पूर्णांक आठ दशांश जाड, म्हणजे जवळजवळ एक लिटर साडेतीनशे. दहाचा डबा अकरा साडेतीनशेचा झाला. इतर कुणी असता तर लिहून मोकळा झाला असता. लिटरभाऊंनी महिनाभर विचार केला. मी एकदा विचारलं, तेव्हा पत्रक उघडून शेवटची ओळ दाखवली. तिथं लिहिलं होतं: 'नकाशाप्रमाणे १०.००. जागेवर ११.३५. अतिक्रमण नियमानुकूल.'

लहान असण्याचा फायदा शेवटी एकच झाला, आणि तो पत्रकात कुठंच नव्हता. डबा प्रवासाला निघू लागला. आता दिवाळीत, उन्हाळ्यात, जोडून सुट्टी आली की लिटरभाऊ तो दुपट्ट्यात गुंडाळून मांडीवर घेतात आणि एसटीनं अकोल्याला जातात. मूर्तिजापूरला एकदा गाडी भरली, कंडक्टर मागून तिकिटं फाडत आला आणि त्या गुंडाळ्याकडे बघून थबकला. "गनपती हाय का भाऊ?" लिटरभाऊ काही बोलले नाहीत. कंडक्टरनं उभ्या माणसाला थोडं सरकायला सांगितलं, "धक्का लावू नोका, देव हाय," आणि सामानाचं तिकीट न फाडता पुढं गेला. हे मला स्वतः लिटरभाऊंनीच सांगितलं. त्यांना त्या तिकिटाचे पैसे बुडवल्याची अजून टोचणी आहे.

गेल्या मे महिन्यात मी पुन्हा अकोल्यात होतो. रात्रीचे अकरा, जठारपेठेतल्या त्या खोलीत कुलर घरघरतोय, समोर सव्वादोन मीटरवर (मोजलेले) डबा, भिंतीवरच्या टीव्हीला वायर जोडलेली. पडद्यावर अमेरिकेत असावं तसं अफाट, ढेकूळ नसलेलं शेत. लिटरभाऊ कापूस वेचायचं ते भलंमोठं यंत्र चालवत होते. शेजारी खाटेवर सासरे, बनियनवर, मान पुढं काढून.

"तिकडचा तास रायला."

"येतो आबा परत."

"परत कायले? आताच घे ना. डिझल फुकट हाय का?"

यंत्र वळलं. मागून हळूहळू एक गाठ तयार होत आली, मोठी, गोल, गुंडाळलेली, आणि धप्पकन शेतात पडली. सासरे खाटेवरून उतरले. टीव्हीच्या अगदी जवळ गेले, चष्मा कपाळावर सरकवला, गाठीकडे बराच वेळ पाहिलं.

"ढिल्ली बसली," ते म्हणाले. "किती किलोची?"

"हे यंत्राची गाठ हाय आबा. तिकडे मोठी असते."

"मोठी असू दे. वजन तं असंन."

लिटरभाऊंनी खेळ थांबवला. एक-दोन ठिकाणी दाबून पाहिलं, कुठं काही आकडा दिसेना. मग त्यांनी खिशातून टेप काढली आणि पडद्याला लावली.